शुक्रवारचं तेल

म्हात्रे सर,

तुमची शोकसभा पार पडली. तुम्ही असता तर दुसऱ्याच भाषणाला उठून व्हरांड्यात तंबाखू मळायला गेला असता, आणि मी मागून डोळे वटारले असते. या वेळी तुम्हाला जागचं हलता येत नव्हतं. स्टेजवर टेबल, टेबलावर तुमचा फोटो, फोटोला हार.

फोटो कुठला लावला होता ठाऊक आहे? कॅरमच्या बक्षीस समारंभातला. शेवटची दोन वर्षं कॉलेजने तुमच्या हातात कॅरम आणि बुद्धिबळ दिलं होतं, तेव्हाचा. अंगात कोट, शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावलेलं, आणि चेहरा असा, की कुणीतरी मागून मान पकडली आहे. पंचवीस वर्षं हा माणूस लंगोट कसलेल्या पोरांमध्ये लाल मातीत उभा राहिला, आणि हार पडला तो कॅरमवाल्या कोटावर. हॉलमध्ये कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

अध्यक्ष बोलले. संस्थेचे अध्यक्ष, ज्यांनी तुमची तालीम पाडली तेच. 'पनवेलच्या मातीतला हिरा' म्हणाले. भाषणात माती हा शब्द चारदा आला. मी मोजला, मोजायची मला सवय आहे. ज्या मातीबद्दल ते बोलत होते तिच्यावर आता कोबा घातलाय आणि तिथे मॅनेजमेंटच्या मुलांच्या स्कूटी उभ्या असतात. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी घसा बसलाय म्हणाले. खोटं बोलले. इतकी वर्षं ज्या बाईने एक आकडा खोटा लिहिला नाही, ती भर सभेत तुमच्या फोटोसमोर खोटं बोलली.

सभेनंतर अध्यक्षांनी जिन्यात गाठलं. तुमच्यावर स्मरणिका काढायची आहे, 'मॅडम, तुम्ही पाचशे शब्द द्या, तुमचे त्यांचे संबंध चांगले होते.' आणि वर पुस्ती जोडली की लेख प्रेरणादायी हवा, जुन्या गोष्टी नकोत. हा लेख तोच आहे. पाचशे शब्दांत मावत नाही, प्रेरणा त्यात औषधालाही नाही आणि सगळ्या जुन्याच गोष्टी आहेत. तो त्यांना द्यायचा माझा विचार नाही. तुम्हाला वाचून दाखवावा, तर तुम्ही तरी कधी सलग दोन परिच्छेद ऐकून घेतलेत?

आपली ओळख एका बिलावरून झाली. मी तेव्हा नवी होते, बी.कॉम.च्या पोरांना गणित आणि संख्याशास्त्र शिकवायचे आणि खरेदी समितीवर माझं नाव कुणीतरी न विचारता घातलं होतं. समोर जिमखान्याचं बिल आलं. तिळाचं तेल, हळद, लिंबं, ताक. तेही किलो-लिटरच्या हिशेबात. मी तुम्हाला बोलावून विचारलं की पैलवान हे खातात की अंगाला लावतात. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, माती खाते. मग भर दुपारी मला मागच्या पत्र्याच्या तालमीत घेऊन गेलात आणि दाखवलंत: माती चाळून, तिच्यात तेल-हळद-ताक घालून, पायाने तुडवून मऊ करायची, म्हणजे पोर पडलं तरी अंग फुटत नाही, खरचटलं तरी चिघळत नाही. हे बिलात कुठल्या खात्यावर घालायचं हे मात्र तुम्हालाही माहीत नव्हतं. मातीसाठी कॉलेजात खातंच नव्हतं. हेडक्लार्क ते गुपचूप 'बगीचा देखभाल' मध्ये घालत आला होता. पुढे कितीतरी वर्षं या कॉलेजच्या कागदावर एक अशी बाग होती जिला ताक लागायचं.

त्या दिवशी परत निघताना तुम्ही माझं आडनाव पुन्हा विचारलंत. पेणकर म्हटल्यावर थांबलात. 'पेनकर म्हंजे तुमी शनवार तेली ना?'

मला कसंतरीच झालं. चांगल्या अर्थाने. कॉलेजात निम्म्यांना मी ख्रिश्चन वाटायचे, उरलेल्यांना पारशी. बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले ज्यू, म्हटलं की लोक बातम्यांतल्या लढाईबद्दल विचारायचे. आणि हा कोन गावचा आगरी माणूस, त्याला माहीत होतं की आमचे पणजोबा पेणजवळ तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बैल सोडून स्वस्थ बसायचे. तुमच्या आजीच्या गावात आमच्यातली दोन घरं होती म्हणे. तुम्ही तिथल्या तिथे निकाल दिलात: तेलाचा मान तेल्याचा, यापुढे नव्या मातीवर पहिलं तेल मॅडम ओततील.

बाईने तालमीच्या मातीत पाय टाकायचा नाही, हा तुमचा नियम होता. त्यावरून मी तुम्हाला पुष्कळ सुनावलंय आणि तुम्ही तो शेवटपर्यंत सोडला नाहीत. म्हणून मी काठावरून ओतायचे. पण वार कुठला? तुमच्या मारुतीचं तेल शनिवारचं. माझ्या घरी शनिवारी काम नाही, शुक्रवारी दिवस बुडायच्या आत घरी जाऊन शब्बाथचा दिवा लावायचा. पहिल्या वर्षी तुम्ही दोन दिवस विचार केलात. मग सांगत आलात की मारुतीला विचारलं, त्याची हरकत नाही. दसऱ्याच्या आधीचा शुक्रवार ठरला. दुपारपासून पोरं माती चाळत, मी पाच वाजता तेलाचा डबा घेऊन येई, आणि सूर्य खाडीकडे कलला की तुम्ही पोरांवर ओरडायचात, 'आटपा रे, मॅडमचा दिवस बुडतो.' कधीकधी मी रिक्षात बसेपर्यंत तेच ओरडणं ऐकू यायचं.

माझा भाऊ तिकडे इस्राएलला गेला, मग बहीण गेली, भाचरं तर तिकडचीच. दर वर्षी तुम्ही एकदा विचारायचात, 'तुमी जानार नाय ना? मंग तेल कोन ओतनार?' मी म्हणायचे, तेलासाठी कुणी देश सोडायचं थांबतं का. खरं सांगू का आता? थोडी त्यासाठीही थांबले होते. हे तुम्हाला सांगायचं राहिलं, आणि सांगितलं असतं तर तुम्ही चारचौघांत सांगत सुटला असता, म्हणून राहू दिलं होतं.

तेलाच्या बदल्यात तुम्ही माझ्या गळ्यात पोरं घातलीत. कोन, कळंबोली, उरणकडची पोरं. ज्यांच्या घरात कॉलेजचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं आणि जी कॉलेजात आली ती फक्त तिथे तालीम होती म्हणून. तुम्ही त्यांना अंघोळ घालून, केस ओले, संध्याकाळी माझ्या वर्गात आणून बसवायचात आणि स्वतः दाराशी बसायचात, कुणी पळू नये म्हणून. पहिले काही दिवस मी फळ्याशी बोलत होते. मग एकदा चिडून विचारलं की तुम्हाला कळतं तरी काय. तर एकाने सांगितलं, वजन. झालं. मी फळ्यावर चौदा जणांची वजनं मांडली. सरासरी काढली, मधलं वजन काढलं, कोण सरासरीपासून किती लांब ते काढलं. प्रमाण विचलन म्हणजे काय हे त्या पोरांना माझ्या हुशार वर्गाआधी कळलं. तुम्ही दारातून म्हणालात की हे तर आम्ही रोजच करतो, फक्त त्याला नाव नव्हतं.

आणि संदेश. हे सगळं ज्याच्यावरून झालं तो. बापाची जमीन रस्त्यात गेलेली, पैसे घरात आले तसे गेलेले, आणि पोरगं तुमच्या तालमीत पडीक. त्याने एक वही केली होती, कोण पैलवान कुठल्या डावाला पडतो त्याची. माझ्याकडे घेऊन आला की मॅडम, यातून पुढची कुस्ती सांगता येईल का. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी तुम्हाला म्हटलं होतं, हा पोरगा एम.कॉम. करील, मी करून घेईन. तुम्ही म्हणालात, करा, पण कुस्ती सोडवू नका. तिथून आपलं भांडण सुरू झालं असावं. दोघांनाही तो पोरगा आपला वाटत होता.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, पण एकदा माझ्या तोंडून ऐका. तुमच्या बाजूने तुम्ही ते भरपूर लोकांना सांगितलंत असं कानावर आलंय.

चैत्रातली तुमच्या गावची जत्रा. शेवटची कुस्ती मानाची, आणि ती आदल्या वर्षी तुमचा संदेश हरला होता. त्याच दुपारी संख्याशास्त्राचा पेपर. वेळापत्रक महिनाभर आधी लागलं होतं, मी स्वतः तुम्हाला दाखवलं होतं, तुम्ही मान हलवली होती. त्या दिवशी वर्गावर पर्यवेक्षक मीच होते. संदेशचा बाक रिकामा. अर्धा तास मी दाराकडे बघत राहिले, मग लाल पेनने त्याच्या नंबरापुढे गैरहजर लिहिलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही पेढ्यांचा बॉक्स घेऊन परीक्षा विभागात आलात, तो तेव्हा माझ्याकडे होता. पोराने शेवटची कुस्ती मारली होती, तुमचा चेहरा असा फुलला होता की मला तो बॉक्स तुमच्या अंगावर फेकावासा वाटला.

तुम्ही म्हणालात, 'पेपर परत येतो, मॅडम. जत्रा वरसानं येते.'

मी म्हटलं, पेपर सहा महिन्यांनी येतो, जत्रा बारा महिन्यांनी येते, त्या पोराचं विसावं वर्ष मात्र परत येत नाही. तुम्ही म्हणालात, तेच तर मी सांगतोय. यावर माझा राग दुप्पट झाला. बॉक्स मी उघडला नाही. संध्याकाळचा वर्ग त्या दिवसापासून बंद केला. परीक्षा संपल्या म्हणून, असं कारण दिलं. परीक्षा काय, दर वर्षीच संपायच्या.

जूनमध्ये संस्थेने पत्र काढलं. कुस्ती विभागाचा आढावा हवा. तीन रकाने: पटावरची नावं, विभागाचा खर्च, पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण झालेले. अहवाल लिहिणार परीक्षा विभागाच्या पेणकर मॅडम, कारण त्यांचे आकडे चुकत नाहीत. तालमीच्या जागेवर अध्यक्षांचा डोळा आहे हे शिपायालाही माहीत होतं. मलाही होतं. पण मी मनाशी म्हटलं, मी आकडे भरणार, जागेचं मला काय.

तुम्ही माझ्याकडे आलात. हात जोडले नाहीत, आकडा बदला म्हणाला नाहीत. हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते, कारण मागाहून कुणीतरी उठवलं की म्हात्रे सरांनी मॅडमवर दबाव आणला. तुम्ही फक्त एवढंच म्हणालात की चौथा रकाना काढा. शेवटी पदवी किती जणांनी घेतली, मग ती कितव्या का खेपेला असेना. आमच्या सामन्यांचा हंगाम आणि हिवाळी परीक्षा एकाच महिन्यात येतात, पोरं पहिल्या फटक्यात पडणारच, ती एटीकेटी घेत घेत पुढे जातात, पण जातात.

संख्याशास्त्राची बाई मी. कुठला आकडा काय सांगतो आणि काय लपवतो हे शिकवण्याचा मला पगार मिळायचा. तुम्ही जे मागत होतात ते बरोबर होतं, हे तुमचं वाक्य पुरं व्हायच्या आत मला कळलं होतं. आणि मी म्हटलं, विचारलं तेवढंच लिहायचं असतं, म्हात्रे सर.

का म्हटलं? नियम म्हणून नाही. त्या पेढ्यांच्या बॉक्सासाठी म्हटलं. रिकाम्या बाकासाठी म्हटलं. तुम्हाला एकदा तरी चीतपट झालेलं मला बघायचं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

संस्थेच्या सभेत अध्यक्षांनी माझा कागद वाचला. पटावर चौदा. पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण पाच. खर्चाच्या रकान्यात ती ताक पिणारी बागसुद्धा मी शोधून बरोबर कुस्तीच्या नावावर मांडली होती, इतकी मी प्रामाणिक. सगळे हसले. दहा मिनिटांत तालीम बंद झाली. कुणी म्हणालं, मॅडमच्या अहवालानंतर प्रश्नच उरत नाही. तुम्ही उठलात. बाहेर जिन्यात थांबला होतात.

'तुमी खोटा काय लिवला नाय, मॅडम,' तुम्ही म्हणालात. 'पन खरा पन नाय लिवला.'

आणि खाली उतरून गेलात.

तुम्ही शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तुमच्या शिव्यांची मला सवय होती. पुढची दोन वर्षं तुम्ही रोज सकाळी 'नमस्कार मॅडम' म्हणालात. कॅरमच्या सोंगट्यांची पिशवी हातात, मान खाली, नमस्कार मॅडम. मीही नमस्कार म्हटलं. दोन वर्षं आपण एकमेकांना नमस्काराने मारत होतो. तुम्ही हट्टी होता म्हणून नाही सांगत, मीही काही कमी नव्हते. पण तुम्ही वयाने मोठे होता, सर. एकदा तरी दार वाजवायला हवं होतं.

तालीम पाडली ती दसऱ्याच्या आधी. परीक्षा विभागाच्या खिडकीतून मला तुमची पोरं दिसत होती, माती पोत्यांत भरत होती. मला वाटलं राडारोडा उचलतायत. त्या शुक्रवारी तेलाचा डबा घरी भरून ठेवला होता, तो मी भाजीला वापरला.

आणि मग ती पोरं गेली. माझा कागद असं सांगत होता की ही मुलं शिकत नाहीत. तालीम गेल्यावर त्यातली सहा खरंच कॉलेज सोडून गेली. कॉलेजात यायला त्यांना तेवढं एकच कारण होतं. माझा आकडा लिहिला तेव्हा अर्धवट होता, वर्षभरात मीच तो पुरा खरा करून दाखवला. संदेश न्हावा शेवाला ट्रेलरवर गेला. त्याचा एकच विषय राहिला होता. कुठला, ते तुम्हाला सांगायला नको.

तुम्ही गेल्याचं मला कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. ओम शांतीची रांग लागली होती, मधेच कुणीतरी पगारवाढीचा जीआर टाकला. मी अंत्यविधीला आले नाही. आले नाही कारण तिथे तुमची पोरं असणार होती. बाराव्याला आले, तेही उशिरा, गर्दी ओसरल्यावर. वहिनींनी बसायला चटई घातली, चहा दिला, आणि म्हणाल्या, चला, माती बघा.

सर, मला माहीत नव्हतं. देवाशप्पथ माहीत नव्हतं. घरामागे पत्र्याची शेड, आत आखाडा, आणि त्यात तीच माती. पोरांनी टेम्पोतून पोती आणून ओतलेली. तालमीची माती टाकून द्यायची नसते, ती दुसऱ्या तालमीत न्यायची, हा तुमच्यातला रिवाज मी तुमच्याच तोंडून ऐकला होता आणि खिडकीतून बघताना मला आठवला नाही. मी वाकून हात लावला. माती कोरडी होती, कडक, वर भेगा गेलेल्या.

वहिनी म्हणाल्या की दोन्ही वर्षं दसऱ्याच्या आधीच्या शुक्रवारी तुम्ही माती चाळून घेतलीत, ताक-हळद-लिंबू घातलंत आणि दिवस बुडेपर्यंत काठावर बसून राहिलात. तेल आणून ठेवलं होतं. कुणाला हात लावू दिला नाहीत. संदेश ओततो म्हणाला तर त्याच्यावर उखडलात. वहिनींनी दोनदा सांगून पाहिलं की मॅडमना फोन करा. 'तं बोलले, मानाच्या मानसाला आठवन करून द्यायला लागली तं तो मान कसला.'

मी तिथे रडले नाही. आधी संताप आला. हा कसला अभिमान? पोरांची अंगं कोरड्या मातीवर सोलवटून घेतलीत, पण मोबाइलवर माझं नाव दाबलं नाहीत. रिक्षाने अर्ध्या तासाच्या अंतरावर एक बाई घरात बसलीय, तिला वाटतंय की तुम्ही तिचं तोंड बघू इच्छित नाही, आणि तुम्ही सूर्याकडे बघत बसलाय. तुम्हाला वाटलं मला कळेल. कसं कळेल? मला विचारल्याशिवाय काही कळत नाही, सर. मी विचारलेल्या रकान्यातच भरते. हे तुमच्याइतकं कुणाला माहीत होतं?

घरी येऊन मी चौथा रकाना काढला. जुनी रजिस्टरं परीक्षा विभागात होतीच, कुलूपही माझं, किल्लीही माझी. तुमच्या पहिल्या तुकडीपासून एकेक नाव घेतलं आणि शेवटचा निकाल मिळेपर्यंत सोडलं नाही. कुणी तिसऱ्या खेपेला, कुणी पाचव्या, एक जण लग्न होऊन पोर झाल्यावर. पण बोटावर मोजण्याइतके सोडले तर सगळ्यांच्या हातात पदवी. आमच्या नावाजलेल्या वर्गांचा निकाल असा नाही. तीन संध्याकाळी लागल्या या कामाला. तुम्ही मागितला होतात तेव्हाही तीनच लागल्या असत्या.

तो कागद घेऊन मी अध्यक्षांकडे गेले. म्हटलं, माझा अहवाल अपुरा होता, हा जोडून घ्या, आणि चूक माझी आहे असं लेखी देते. त्यांनी चष्मा लावून कागद शेवटपर्यंत वाचला. म्हणाले, फारच सुंदर, मॅडम. हे आपण स्मरणिकेत घेऊ, चौकटीत.

काल नाही, परवा दसऱ्याच्या आधीचा शुक्रवार होता. मी वहिनींना आदल्या दिवशी फोन केला, घरात सुतक होऊन गेलंय, वर्षभर काही करायचं नसेल तर तसं सांगा. त्या म्हणाल्या, 'सुतक मानसाला. मातीला कसला?' तर मी डबा घेऊन आले. पाचच्या आधीच आले. माती चाळलेली होती. संदेश एकटाच होता, ट्रेलर रस्त्याकडेला लावून आला होता. खांदा पूर्वीसारखा राहिला नाही, पोट सुटलंय. कोरड्या मातीने कोपर सोलवटल्याचे डाग दोन्ही हातांना आहेत, ते मी बघितले, आणि मी बघितले हे त्याने बघितलं.

मी काठावर उभी राहून तेल ओतलं. एका जागी ओतलं की ते तसंच थांबून राहायचं, मग हळूहळू खाली जायचं. संदेश हाताने माती वरखाली करत होता. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, तुझा तो पेपर सोडवून टाक ना, फॉर्म भर या वेळी. आणि न राहवून पुढे म्हटलं की दर वेळी फॉर्म भरतोस आणि बसत नाहीस, दर वेळी तुझ्यापुढे गैरहजर लिहावं लागतं मला.

कारण ते खरंच होतं, सर. चार परीक्षांच्या यादीत त्याचं नाव आलं आणि चारही वेळा मी लाल पेनने गैरहजर लिहिलं. आणि प्रत्येक वेळी, आता लाज वाटते सांगायला, प्रत्येक वेळी मनात म्हटलं, बघा म्हात्रे सर, माझंच बरोबर होतं.

तो माती चोळत राहिला. वर बघितलं नाही. 'फॉर्म वस्ताद भरायचे, मॅडम. फी पन तेच. मला बोलायचे, पेपरला बस. पन शिकवनार कोन?'

डबा खाली ठेवला. मी काठावरच बसले, जिथे तुम्ही दोन वर्षं बसलात तिथेच बहुतेक, तिथली माती झिजलेली होती. तुम्ही माझ्या विभागात येऊन, माझ्या टेबलापासून दहा पावलांवरच्या खिडकीत त्याचे फॉर्म भरून जात होतात. चार वेळा. आणि तुम्हाला वाटत होतं की यादीत नाव बघून मॅडम विचारतील, संध्याकाळचा वर्ग पुन्हा सुरू करतील. मी नाव बघितलं आणि पेन उचललं.

तुम्ही चुकलाच नव्हतात असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी तो पोरगा बाकावर हवा होता, जत्रेत नको होता, हे मी मरेपर्यंत म्हणेन आणि तुम्ही वरून मान हलवाल, वेळापत्रकाला हलवली होती तशी. पण तुमच्या चुकीने एक पेपर गेला. माझ्या चुकीने तालीम गेली. दोन्ही एका तराजूत घालू नका. तुम्हाला हे जिन्यातच सांगायचं होतं मला. तुम्ही फार भरभर उतरलात.

डब्यातलं तेल संपलं. संदेशने मातीचा गोळा करून मला दाखवला, तुम्ही दाखवायचात तसा, हातात धरून, फुटतो का बघायला. फुटला नाही. मी त्याला म्हटलं, वजन सांग तुझं. त्याने सांगितलं. आणि त्या जुन्या तेराजणांची? त्याला सगळी पाठ होती. मी पर्समधून पेन काढलं, ते लालच निघालं, आणि तेलाच्या डब्याखाली घेतलेल्या पुठ्ठ्यावर आकडे मांडायला घेतले. तो हात पुसून शेजारी येऊन बसला.

शेडमध्ये अंधारून आलं होतं. खाडीकडचं आभाळ तांबडं होऊन विझत चाललं होतं. घरी माझा दिवा लागायचा होता. मी मान वर करून वाट बघितली. मॅडमचा दिवस बुडतो, आटपा, असं कुणी ओरडलं नाही.